मोटारीची दुपारची झोप

सातजांभळीत पाणी दुपारी जेवायला जायचं. रोज, बारा ते दोन. एखादी नवी सून कळशी घेऊन नळावर गेली आणि तोटी नुसतीच फुसफुसली, की शेजारची बाई हसून सांगायची, "आता न्हाई यायचं गं. चांदभाईची मोटार झोपलीय."

आणि ते अक्षरशः खरं होतं. प्रवरेच्या काठाला, गावापासून अर्धा कोस खाली, गावाच्या पाण्याची विहीर. विहिरीवर पत्र्याची खोली, खोलीत दहा हॉर्सपॉवरची हिरवी मोटार, आणि मोटारीपाशी चांदभाई. बारा वाजले की ते स्टार्टरचं लाल बटण दाबायचे. घरघर उतरत उतरत थांबली की हौदात भिजत टाकलेलं गोणपाट पिळून मोटारीच्या पाठीवर पांघरायचे. चर्र करून वाफ निघायची.

"झोप बाय," ते म्हणायचे. "लई दमलीस."

बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटे. पण आसपासच्या गावांच्या मोटारी वर्षातून दोनदा जळायच्या. व्होल्टेजच तसं होतं. बल्ब लागलाय की नाही ते बघायला बॅटरी मारावी लागे. उन्हाळ्यात बेलापूरच्या वायंडिंगवाल्याकडे जळक्या मोटारी दारापासून रस्त्यापर्यंत पडलेल्या असत. सातजांभळीची मोटार मात्र पस्तीस वर्षांत एकदाच तिथं गेली. तीही चांदभाईंच्या थोरलीच्या लग्नादिवशी, कारण त्या दुपारी तिला झोपवायला कुणी नव्हतं. निरोप मांडवात आला. काझीसाहेब समोर बसलेले, आणि नवरीचा बाप विचारतोय, "वास कसा येत हुता? तारेचा का ऑइलचा?"

रोशनबी अजून त्यावरून टोमणे मारतात. त्यांना टोमण्यांचा हक्कच आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गावाच्या विहिरीवर मोटारसुद्धा नव्हती, डिझेल इंजिन होतं. हँडल मारून मारून चांदभाईंचे दंड भरायचे आणि तोंड काजळीनं असं काळं व्हायचं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्या नवरीनं त्यांना दारातूनच सांगितलं, "घरात मानूस न्हाई. नंतर या."

"मीच तो मानूस," चांदभाई म्हणाले.

"सगळे असंच म्हनतात," रोशनबी म्हणाल्या, आणि कडी लावली.

ते इंजिन गेलं तेव्हाही चांदभाईंना चार दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. मग मोटार आली आणि तिनं जीव लावला. तिच्या आवाजावर गाव चालायचं. पहाटेची घरघर सुरू झाली की म्हातारी माणसं उठायची. घरघर जड झाली की विहिरीचं पाणी उतरलं, हे चांदभाई अर्ध्या कोसावरून, चहा पिता पिता ओळखायचे.

रेश्माताई सरपंच झाल्या आणि त्यांनी पहिली गोष्ट मनावर घेतली ती ही विहीर. शिकलेली सून, माहेर पुणतांब्याचं, बोलायला सडेतोड. राज्य सरकारच्या योजनेतून पाणीपुरवठ्याच्या विहिरींना सौर पंप मिळतात, हे कळल्यावर त्यांनी दीड वर्षात नगरला किती खेपा घातल्या त्याची मोजदाद नाही. ऑफिसच्या पाटीवर अहिल्यानगर झालं, पण चांदभाई त्यांना विचारायचे ते, "ताई, नगरला काय म्हनले?" असंच.

"म्हणतात, मंजूर आहे. फक्त एक सही राहिली."

"मागल्या टायमालाबी एकच राहिली हुती."

"ती वेगळी एक होती चाचा."

शेवटी मार्चात ट्रक आला. लोखंडी खांब उभे राहिले, त्यांच्यावर निळ्या काळ्या सोळा प्लेटा तिरक्या बसल्या, नारळ फुटला. विहिरीत नवा पंप उतरला, तो थेट पाण्याखालीच. हिरवी मोटार चार जणांनी उचलून ग्रामपंचायतीच्या गोदामात न्यायला टेम्पोत ठेवली. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत चांदभाई उभे होते. ग्रामपंचायतीचे शिपाई गहिनीनाथ त्यांचे शाळेपासूनचे सोबती. ते बाजूला येऊन म्हणाले, "दावनीचा बैल इकल्यावानी तोंड कशापायी करतो रं?"

"बैलाला निदान शेपूट असती," चांदभाई म्हणाले. "जाताना हलवतो तरी."

त्याच संध्याकाळी रेश्माताईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवल्यावरच चांदभाई खुर्चीच्या कडेवर सरकून बसले.

"चाचा, या नव्या पंपाला बटणच नाही. ऊन पडलं की चालू, मावळलं की बंद. टाकी भरली की आपला आपण थांबतो."

"असं असं."

"म्हणून सभासदांचं म्हणणं पडलं, की आता तिथं माणूस कशाला? मी म्हटलं, महिनाभर बघू. तिथं माणसाचं काम निघालं, तर तुम्हीच आहात. नाही निघालं तर..." ताईंनी कपाकडे पाहिलं. "वयही झालंय तुमचं. आराम करायचा."

आराम! चांदभाई घरी चालत आले ते हा शब्द दाढेखाली खडा आल्यासारखा चावत. चौसष्टावं चालू होतं, गुडघे कुरकुरत होते, सगळं खरं. पण उद्या सकाळी उठून पायांना सांगायचं काय? चाळीस वर्षं ते आपोआप नदीकडं वळत होते. रोशनबींनी विचारलं, "काय म्हनत हुत्या ताई?"

"चहा चांगला हुता," चांदभाई म्हणाले, आणि कुशीवर वळले.

महिन्याचे पहिले दिवस फार वाईट गेले. विहिरीवर जावं, खोलीतल्या रिकाम्या चौथऱ्याकडे बघावं, बाहेर येऊन बसावं. पंप चालू आहे की बंद, काही कळेना. आवाजच नाही! पाण्याखाली काय चाललंय ते पाण्यालाच ठाऊक. समोर सोळा प्लेटा सूर्याकडं तोंड करून मुकाट बसलेल्या. तारेच्या कुंपणावर एक भारद्वाज येऊन बसे. तो आणि चांदभाई, दोघंही बिनकामाचे.

पाचव्या दिवशी, बाराच्या सुमाराला, चांदभाईंनी सहज एका प्लेटेला हात लावला. आणि झटकन काढला. तवा! अक्षरशः तवा! त्यांनी दुसरीला लावला, तिसरीला लावला. सगळ्या भाजत होत्या.

"या अल्ला," ते म्हणाले. पण बोटांवर फुंकर घालताना त्यांचा चेहरा खुलला होता. काम निघालं होतं.

गोणपाटं खोलीत होतीच. हौद होताच. लोखंडी स्टूल ओढून त्यांनी खालच्या रांगेतल्या, हाताला येतील तेवढ्या प्लेटा ओल्या गोणपाटांनी झाकल्या. पाणी ओघळलं, वाफ निघाली, मातीचा आणि तागाचा तो ओळखीचा वास आला. दोन वाजता त्यांनी गोणपाटं काढली, काठीला ओलं गोणपाट बांधून वरच्यासकट सगळ्या प्लेटांवरून फिरवलं आणि जुन्या सवयीनं म्हणाले, "ऊठ बाय. झाला टाइम."

त्या दिवशी ते घरी दोन भाकरी जास्त जेवले.

आठवडाभरात वरच्या आळीत बोंब सुरू झाली. वरची आळी चढावर, नळाच्या शेवटाला. टाकी पूर्ण भरली तरच तिथं पाणी चढायचं, आणि टाकी काही केल्या भरेना. छबूबाई त्या आळीच्या तोफ. वय सत्तरीचं, आवाज विशीतला. त्या कोरड्या नळावर रिकामा हंडा आपटून म्हणाल्या, "जुनी मोटार बरी हुती बया. ह्ये सरकारचं ऊन, सरकारी टायमातच येतंय जनू!"

"सूर्यच कमी पडतोय," गहिनीनाथांनी निदान केलं.

"एप्रिलात?" छबूबाई कडाडल्या. "चल माझ्यासंगं अनवानी, दावते तुला सूर्य!"

ही बोंब ऐकून चांदभाईंना फार वाईट वाटलं. त्यांना वाटलं, ही नवी मोटार मुळात नाजूक. आवाज नाही, अंगात जोर नाही. हिला जुनीपेक्षा जास्त विश्रांती लागणार. म्हणून त्यांनी झोप एका तासानं वाढवली, आणि दुसऱ्या रांगेसाठी आणखी चार गोणपाटं गोळा केली. जुनी मोटार दुपारचे दोन तास थांबली तरी पहाटे आणि संध्याकाळी चालून भर काढायची. नवी फक्त उन्हावर जगते, आणि ऐन उन्हाचे तीन तास आपणच तिचे काढून घेतले, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. पस्तीस वर्षं ज्यानं गावाला पाणी मिळालं, त्यानंच ते तुटेल, असं कसं कुणाच्या ध्यानात यावं?

वरची आळी आता डोक्यावर हंडे वाहत होती. सभासद रेश्माताईंना ऐकवू लागले. योजनेचा पहिला महिना झाला की गावानं शिक्का मारून अहवाल द्यायचा होता. समाधानकारक, नाहीतर असमाधानकारक. समाधानकारक असला तर खालच्या वस्तीलाही असाच पंप मिळणार होता. ग्रामसभेचा दिवस ठरला.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, भर साडेबाराला, विहिरीच्या वाटेवर एक स्कूटी धूळ उडवत आली. हेल्मेट काढून एक तिशीतली मुलगी उतरली. खांद्याला अवजारांची पिशवी. ती ओरडून विचारणार तेवढ्यात चांदभाई लगबगीनं फाटकाशी आले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला. झोपलीय."

"कोण?"

"मोटार."

"मी पूजा, कंपनीकडून. नेवाशाहून आलेय. तुमच्या पंपाचं रोजचं काम मला मोबाईलवर दिसतं. सकाळी झकास चढतं, आणि बारा वाजता धाडकन खाली. रोज! मी म्हटलं, एवढा शहाणा ढग कुठला, घड्याळ लावून येणारा..." बोलता बोलता ती खोलीच्या सावलीला सरकली, वळली आणि थांबली. "चाचा, ते काय आहे?"

"गोनपाट."

"ते दिसतंय. प्लेटांवर का?"

"ऊन बघा की किती! तुमी आत्ता सावलीला सरकला. त्यांनी कुठं सरकावं?"

पूजानं तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलू लागले. चांदभाईंना वाटलं, पोरीला उन्हाची भोवळ आली. ते तांब्या घेऊन आले. मग त्यांना दिसलं, की ती हसतेय.

"चुकलं का काय माझं?"

तिनं स्टुलावर चढून एकेक गोणपाट ओढून काढलं. मग चांदभाईंचा हात धरून त्यांना विहिरीच्या तोंडाशी, वर येणाऱ्या नळापाशी नेलं. "हात ठेवा."

नळ गार होता आणि मुका होता. काही वेळ काहीच झालं नाही. मग आतून काहीतरी धडकलं. नळ थरथरला, जड झाला, आणि तळव्याखालून पाणी असं धावू लागलं की चांदभाईंच्या कोपरापर्यंत ते कळलं. जुन्या मोटारीनं कधी असा जोर दाखवला नव्हता.

"ऊन हेच तिचं जेवण, चाचा," पूजा म्हणाली. आता ती हसत नव्हती. "बाराला तिचं ताट भरतं. तुम्ही रोज नेमकं तेव्हाच ते झाकून ठेवत होता. आणि या सगळ्या प्लेटा एका माळेत ओवल्यात. चार झाकल्या तरी उरलेल्यांचं बळ जातं."

चांदभाई नळावरचा हात न काढता खाली बसले.

"म्हंजे वरच्या आळीच्या बाया... पंधरा दिस... माझ्यामुळं?"

पूजा त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. "उद्या मला अहवालाला कागद द्यायचाय. मी लिहिते, वायर सैल होती, घट्ट केली. तुमचं नाव कशाला? उद्यापासून झाकू नका, झालं."

तो कागद म्हणजे चांदभाईंची सुटका होती. महिना सरायला चारच दिवस उरले होते. सभेत खरं सांगितलं तर कोण म्हणेल, या माणसाला विहिरीवर ठेवा? आणि नाही सांगितलं तरी काम काय दाखवणार? निदान अब्रू तरी राहील. पण मग लोक म्हणणार, वायर सैल सोडली पोरीनं. आणि रेश्माताईंनी दीड वर्ष नगरच्या खेपा घालून आणलेल्या पंपाला जन्मभर नाव राहणार, की पहिल्याच महिन्यात बिघडला.

"वायर कुनी बसवली हुती?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"सैल हुती?"

पूजा उठली आणि अवजारांची पिशवी आवरू लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. पुरुष भिंतीला टेकून, बाया पुढं सतरंजीवर, सगळ्यांच्या पुढं छबूबाई, मागं खांबापाशी पूजा. रेश्माताई कागद घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पंपाबद्दल सगळ्यांच्या तक्रारी आहेत. गावाचं म्हणणं असेल तसंच मी लिहीन. असमाधानकारक..."

"ताई, लिहू नका." चांदभाई उठले होते. गुडघ्यांनी कट्कन आवाज केला, आणि तो शांततेत सगळ्यांना ऐकू आला. "पंप चांगला हाय. त्याला मी झोपवत हुतो."

"काय?"

"दुपारी बारा ते दोन. मागून तीनपत्तोर. ओलं गोनपाट टाकून. मला वाटलं, तापतोय बिचारा."

मग बायांच्या घोळक्यातून एक खिदळणं सुटलं, आणि ते भिंतीपर्यंत पसरत गेलं. गहिनीनाथ मांडी थोपटून म्हणाले, "अरे, पोरंसुदीक दुपारची झोपत न्हाईत, अन् ह्यानं सूर्याला निजवला!"

चांदभाई हसले नाहीत. छबूबाईही हसल्या नाहीत. त्या कमरेवर हात देऊन उठल्या. "पंधरा दिस हंडे वाह्यले मी. ह्या वयात. ही कंबर बघ."

"छबूबाई, चुकी झाली. माफी मागतो."

"माफी काय हंड्यात भरू?" त्या गरजल्या, आणि मग आवाज एकदम खाली आला. "आन् तेरा सालच्या उन्हाळ्यात रं? विहिरीला खडक उघडा पडला हुता. टँकर चार-चार दिस यीना. माझी सून घरात बाळंत. तवा दोरीला धरून तळाला कोन उतरलं हुतं? झऱ्यापाशी बसून वाटी-वाटीनं हंडा कुनी भरला? सांग की ह्यांला. हसत्यात नुसती."

चांदभाई जमिनीकडे बघत राहिले. हसणं विरलं. त्या उन्हाळ्यात हंडे घेऊन रांगेत उभी राहिलेली बरीच माणसं त्या व्हरांड्यात होती. काहींना ती रांग आठवली, काहींना विहिरीच्या तळातून येणारा चांदभाईंचा पोकळ आवाज, "वढा आता! सावकाश!"

मग मागून पूजा म्हणाली, "मी एक दाखवू का?" तिनं मोबाईल रेश्माताईंसमोर धरला. "तुमच्या भागातल्या नऊ गावांचे पंप मी बघते. शुगर फॅक्टरीचा सीझन चालू असला की धुराड्याची काजळी सगळीकडे पडते. प्लेटांवर बसते, चिकटते. बाकी आठ गावांत प्लेटा काळवंडल्यात. सातजांभळीचा पंप सकाळच्या वेळात सगळ्यांत जास्त पाणी देतो. कारण हे चाचा रोज प्लेटा ओल्या करून पुसतात. त्यांना माहीत नव्हतं, पण तेच काम तिथं माणसानं करायला पाहिजे."

रेश्माताईंनी मोबाईल पाहिला, चांदभाईंना पाहिलं. "म्हणजे काम आहे?"

"आहे. फक्त दिवस उगवायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकायची. आणि गोणपाट अजिबात नको, ओरखडे पडतात. मऊ सुती कापड."

"ठेवा मग त्यालाच," छबूबाईंनी ठराव मांडला. "पन बारा वाजले की घरी दाव्याला बांधायचा, रोशनबीपाशी!"

आता मात्र चांदभाईही हसले. हात वर झाले. रेश्माताईंनी कागदावर "समाधानकारक" लिहिलं आणि शिक्का इतक्या जोरात मारला की टेबलावरचा पेनस्टँड कलंडला.

चांदभाई घरी आले तेव्हा रोशनबी ज्वारी पाखडत होत्या. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. सातजांभळीत बातमीला नळ लागत नाही.

"महिनाभर एकट्यानंच गिळत बसला हुता व्हय?" त्या सूप न थांबवता म्हणाल्या. "चहा चांगला हुता म्हने!"

"तुला काय सांगायचं? आराम करा म्हनल्या म्हनून?"

"सांगायचं. मीबी रडले असते थोडं. दोघांत वाटून घेतलं असतं." सूप खाली ठेवून त्या उठल्या, आत गेल्या आणि एक कापड घेऊन आल्या. "घ्या. मऊ सुती."

"अगं, ही माझी लुंगी! नवीय!"

"नवी? धाकटीच्या लग्नाला घेतलीया. तिच्या पोराला आता मिसरूड फुटलंय. धरा ते टोक."

चांदभाईंनी टोक धरलं. दोघं अंगणात समोरासमोर उभे राहिले आणि ओढलं. जुनं कापड सरळ फाटत गेलं, मधोमध.

"अजून एक घडी," रोशनबी म्हणाल्या. "सोळा प्लेटा हायेत न्हवं? उद्या मीबी येते. किती वर्सं झाली, ती विहीर बघितली न्हाई मी. तुमचं इंजिन हुतं तवा भाकरी घेऊन यायचे."

"पहाटं उठावं लागंल."

"पहाटं कोन झोपलेलं असतंय?" त्या म्हणाल्या, आणि लुंगीचा उरलेला भाग त्यांच्या हातात देऊन पुन्हा सुपाकडे वळल्या.